घरी बनवलेला 'पाय'वाला कॅमेरा ड्रोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. इथे पाय म्हणजे रास्पबेरी पाय, तो छोटा कॉम्प्युटर. आमच्या घरी मी एकदा फोनवर "अरे पाय जळाला रे" म्हणालो तर आई हळद घेऊन धावत आली होती. तर तो पाय. गेली काही वर्षं मी पुण्यात बसून ही उपकरणं जोडतो आणि वाळवा तालुक्यात मामाच्या रानात नेऊन उडवतो, पाडतो, परत जोडतो. तेच तेच प्रश्न सारखे येतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

पाय डायरेक्ट ड्रोन उडवू शकतो ना? मग वेगळा फ्लाइट कंट्रोलर कशाला घ्यायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

एसटीत ड्रायव्हर वेगळा आणि कंडक्टर वेगळा असतो. कंडक्टर तिकिटं फाडतो, हिशोब ठेवतो, बेल मारतो, पण स्टिअरिंगला हात लावत नाही. ड्रोनमध्ये फ्लाइट कंट्रोलर हा ड्रायव्हर आणि पाय हा कंडक्टर. क्वाडकॉप्टर म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन स्वतःहून हवेत स्थिर राहूच शकत नाही, जायरो (किती वेगाने फिरतोय ते सांगणारा सेन्सर) वाचायचा, किती कललंय बघायचं, चारही मोटरचा वेग बदलायचा, हे सेकंदाला शेकडो वेळा करावं लागतं आणि दरवेळी वेळेवर करावं लागतं. आर्डूपायलट आणि बीटाफ्लाइट ही फ्लाइट कंट्रोलरवर चालणारी सॉफ्टवेअरं. आर्डूपायलटचा मुख्य लूप कॉप्टरमध्ये सेकंदाला ४०० वेळा फिरतो, बीटाफ्लाइट तर जायरो ८००० वेळा वाचू शकतं. पायवर लिनक्स चालतं, आणि लिनक्स म्हणजे लग्नघरातला कर्ता माणूस, एकाच वेळी दहा जणांची कामं करतो, सगळी होतात पण नेमकी कधी होतील त्याची गॅरंटी नाही. मधेच एसडी कार्डवर काही लिहायला गेला आणि ३० मिलिसेकंद अडकला तर व्हिडिओत एखादी फ्रेम जाईल, पण मोटरच्या बाबतीत तेवढ्यात ड्रोन डगमगायला लागतो.

पायच्या डोक्यावर सेन्सरचा बोर्ड बसवून त्यावरच आर्डूपायलट चालवता येतं, एमलिड कंपनीचा नॅव्हिओ२ त्याच कामाचा होता, म्हणजे अशक्य नाहीये. पण पहिल्या ड्रोनला नको.

आणि हे काही मी गरिबीतला जुगाड सांगत नाहीये. मंगळावर १९ एप्रिल २०२१ ला उडालेलं नासाचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर, १.८ किलोचं, त्यातही हीच वाटणी होती. कॅमेऱ्यातून रस्ता ओळखायला मोबाइलमधला स्नॅपड्रॅगन ८०१ आणि त्यावर लिनक्स, पण प्रत्यक्ष पंखे सांभाळायला वेगळे मायक्रोकंट्रोलर. ते ७२ वेळा उडालं. तिथे ड्रायव्हर-कंडक्टर वेगळे ठेवले तर आपण शहाणपणा कशाला करायचा.

माझा एकच नियम आहे, कंडक्टर झोपला तरी गाडी स्टँडवर पोचली पाहिजे. म्हणजे उडत असताना पाय हँग झाला, जळला, एसडी कार्ड निसटलं, काहीही झालं तरी ड्रोन रिमोटवर नीट उतरला पाहिजे. खाली जे जे सांगतोय ते सगळं या एका नियमातून आलंय.

कुठला पाय घ्यायचा?

झिरो २ डब्ल्यू. विषय संपला. ६५ बाय ३० मिलिमीटर, वजन दहा-अकरा ग्रॅम, चार कोअर, ५१२ एमबी रॅम. पाय ४ आणि ५ चाळीस ग्रॅमच्या वर जातात आणि करंटही जास्त खातात. शिवाय पाय ५ मध्ये एच.२६४ व्हिडिओचा हार्डवेअर एन्कोडरच (व्हिडिओ दाबून लहान करणारं सर्किट) काढून टाकलाय, झिरो २ मध्ये तो आहे, सेकंदाला १०८०पीच्या ३० फ्रेम आरामात करतो. म्हणजे या कामाला स्वस्तातला बोर्ड महागापेक्षा बरा, असं फार कमी वेळा होतं.

राडक्सा झिरो ३ वगैरे पण त्याच साइजचे आहेत आणि ताकदीने जास्त आहेत, पण कॅमेरा चालू करण्यात तुमचे दोन रविवार जातील. तेवढा वेळ असेल तर घ्या.

२५० ग्रॅमच्या आत बसतो का? बसवायचाच का?

बसतो. माझा साडेतीन इंची फ्रेमचा आहे, त्याचा हिशोब सांगतो. फ्रेम ३५ ग्रॅम, १४०४ साइजच्या चार मोटर ३८, फ्लाइट कंट्रोलर आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) एकाच बोर्डवर १४, प्रॉप म्हणजे पंखे ७, रिसीव्हर २, जीपीएस ८, पाय ११, कॅमेरा ४, पायसाठी वेगळा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज उतरवून ५ व्होल्ट देणारा बोर्ड) ५, वायरी-स्क्रू-टेप १५ आणि ३ एस म्हणजे तीन सेलची ८५० एमएएचची बॅटरी ७५. बेरीज २१४. किचनमधला काटा घ्या आणि प्रत्येक पार्ट आल्या आल्या वजन करून वहीत लिहा, कारण वायरी आणि टेप हा चोर आहे, कोणी मोजत नाही आणि शेवटी ३० ग्रॅम होतात.

बसवायचं कारण कायद्याचं आहे, ते पुढे येतंच.

किती मिनिटं उडतो?

हॉवरला, म्हणजे हवेत एका जागी थांबायला, माझा साधारण साडेपाच अँपिअर खातो. ८५० एमएएचची बॅटरी शेवटपर्यंत पिळायची नसते, ८० टक्के धरा, म्हणजे ०.६८ अँपिअर-अवर. भागिले ५.५ गुणिले ६०, आले जवळपास साडेसात मिनिटं. वारा असला तर सहा. कंपनीच्या ड्रोनसारखी अर्धा तास उड्डाणं यातून होणार नाहीत, आणि मोठी बॅटरी लावली की तिचंच वजन उचलण्यात ती संपते, हे सगळ्यांना एकदा स्वतः करून बघायचं असतंच, बघा.

खर्च किती? सामान कुठून आणता?

माझा ड्रोनचा सगळा मिळून २७ हजारांच्या आसपास गेला, रिमोट आणि चार्जर धरला तर ३८. यात जो बोर्ड जाळला तो धरलेला नाही, तो बायकोला पण सांगितलेला नाही. रिमोट आणि चार्जर वर्षानुवर्षं चालतात त्यामुळे तिथे कंजूषी नको.

वायर, कनेक्टर, कपॅसिटर, हीटश्रिंक असलं किरकोळ सामान पुण्यात तापकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. मोटर, फ्लाइट कंट्रोलर वगैरे ऑनलाइन. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन किंवा त्याचं जोडायचं अख्खं किट आणायला सर्वसामान्य माणसाला बंदी आहे, सुट्या पार्टला नाही. म्हणून कोणी "तिकडून येणाऱ्या भावाला आणायला सांगू का" म्हणालं तर मोटर आण, ड्रोन आणू नको, एवढंच उत्तर.

फ्लाइट कंट्रोलर कुठला आणि सॉफ्टवेअर कुठलं?

नुसतं हाताने भन्नाट उडवायचं असेल तर बीटाफ्लाइट. कॅमेऱ्याचं काम, नकाशा, आपोआप ठरलेल्या रस्त्याने जाणं, सिग्नल गेला की घरी परतणं हे भरवशाने पाहिजे असेल तर आर्डूपायलट. एफ४०५ चिपच्या बोर्डवर आर्डूपायलट चालतं पण मेमरी कमी म्हणून काही फीचर कापलेली असतात, बजेट असेल तर एच७४३ घ्या. विकत घेताना एकच गोष्ट मोजा, सिरियल पोर्ट किती बाहेर काढलेत. रिसीव्हरला एक, जीपीएसला एक, पायला एक, तीन तर पाहिजेतच.

पाय आणि फ्लाइट कंट्रोलर जोडायचे कसे?

तीन वायरी. ग्राउंडला ग्राउंड, आणि टीएक्स-आरएक्स उलटसुलट, म्हणजे याचं बोलणं त्याच्या कानात. पायचे पिन नंबर ८ आणि १०. दोन्हीकडे ३.३ व्होल्टचे सिग्नल आहेत म्हणून डायरेक्ट चालतं, ५ व्होल्टचा सिग्नल पायला दिलात तर तो पिन गेला.

मग पायच्या सेटिंगमध्ये सिरियल कन्सोल बंद करायचा आणि सिरियल पोर्ट चालू ठेवायचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच लोक अडकतात. झिरो २ मध्ये चांगला सिरियल पोर्ट ब्लूटूथला देऊन ठेवलेला असतो आणि आपल्या वाट्याला कच्चा येतो, म्हणून ब्लूटूथ बंद करून चांगला आपल्याकडे घ्या. आर्डूपायलटमध्ये त्या पोर्टला मॅव्हलिंक २ प्रोटोकॉल (ड्रोनची बोलायची भाषा) द्या, स्पीड आधी ११५२०० ठेवा, नीट बोलायला लागले की वाढवा.

एकदा मॅव्हलिंक सुरू झालं की पायला सगळं कळतं, बॅटरी किती, उंची किती, जीपीएस कुठे, आर्म झालाय की नाही, म्हणजे मोटर फिरायला मोकळ्या आहेत की नाही. माझी स्क्रिप्ट आर्म झालं की रेकॉर्डिंग चालू करते आणि डिसआर्म झालं की फाइल बंद करते, मला बटण दाबायला लागत नाही. पायथॉनमध्ये पायमॅव्हलिंक वापरा. जुन्या व्हिडिओत ड्रोनकिट सांगतात पण त्याच्याकडे आता कोणी लक्ष देत नाही, नवीन पायथॉनवर रडतं.

पायला करंट कुठून द्यायचा? फ्लाइट कंट्रोलरवर ५ व्होल्टचा पॅड आहे की.

आहे. मी पण तिथूनच दिला होता.

झालं असं की टेबलावर सगळं मस्त चाललं. रानात नेलं, वर घेतला, वीस मीटरवर असताना पायने वायफाय आणि कॅमेरा दोन्ही एकदम जोरात चालू केले, ५ व्होल्टची लाइन क्षणभर खाली बसली आणि त्याच लाइनवर असलेला रिसीव्हर रीसेट झाला. जीपीएस पण गेला. फ्लाइट कंट्रोलरच्या दृष्टीने रिमोट पण नाही आणि आपण कुठे आहोत ते पण माहीत नाही, त्याने फेलसेफला, म्हणजे असं काही बिघडलं तर करायचं म्हणून, जे सेट होतं ते केलं, मोटर चालू ठेवून जिथे होता तिथे खाली उतरायला लागला आणि वाऱ्याने वाहत मामाच्या नाही तर शेजाऱ्याच्या उसात. कंडक्टरने बेलची दोरी इतकी जोरात ओढली की ड्रायव्हरची सीटच निघाली.

म्हणून पायला स्वतःचा बीईसी, डायरेक्ट बॅटरीवरून, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा. ग्राउंड एक, पॉझिटिव्ह वेगळा. बॅटरीच्या पॅडवर ४७० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा लो-ईएसआर कपॅसिटर पण लावा, मोटरमुळे विजेच्या लाइनवर होणारी गडबड कमी होते.

अजून एक, मोठ्या पायमध्ये व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की वॉर्निंग येते. झिरो मालिकेत ती सोयच नाहीये. त्यामुळे "वॉर्निंग आली नाही म्हणजे करंट ठीक आहे" हे इथे चालत नाही, मल्टिमीटर लावून कॅमेरा आणि वायफाय चालू असताना मोजा.

पहिल्यांदा बॅटरी लावताना धूर निघू नये म्हणून काय करू?

सिरीज बल्ब. घराचं वायरिंग करणारा इलेक्ट्रिशियन लावतो तोच प्रकार. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरीत सिरीजमध्ये टाका. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भकभकीत पेटतो आणि बोर्ड वाचतो, नसेल तर लुकलुक करून विझतो. दहा-वीस रुपयांत आठ हजारांचा बोर्ड वाचतो. आणि प्रॉप काढलेले असले पाहिजेत, टेबलावर कधीही, काहीही टेस्ट करताना प्रॉप काढलेले असले पाहिजेत. साडेतीन इंचाचा प्रॉप आहे म्हणून हसू नका, बोटाला टाके पडतात.

कॅमेरा मॉड्यूल २ की ३?

कागदावर ३ भारी आहे, १२ मेगापिक्सेल, ऑटोफोकस. ड्रोनवर मी २ लावतो, ८ मेगापिक्सेलचा. कारण ३ ची लेन्स ऑटोफोकससाठी बारीक स्प्रिंगवर लटकलेली असते आणि मोटरच्या थरथरीत ती पण नाचते. २ ची लेन्स स्क्रूसारख्या आट्यांवर घट्ट बसलेली आहे, एकदा लांबवर फोकस करून ठेवली की झालं. तुमच्याकडे ३ असेलच तर फोकस मॅन्युअल करून अनंतावर लॉक करा, ऑटोवर ठेवला तर आकाशात सारखा शोधत बसेल.

केबल घेताना बघा, झिरोवरचा कॅमेऱ्याचा कनेक्टर बारीक २२ पिनचा आहे आणि मॉड्यूलचा १५ पिनचा, म्हणून एका टोकाला निमुळती असलेली वेगळी केबल लागते. झिरोवरची ती काळी चिमटीची पट्टी नखाने हळू उघडा, तुटली की दुःख आहे.

व्हिडिओ जेलीसारखा हलतो, थुलथुल दिसतं सगळं.

हे कॅमेऱ्याचं सेन्सर ओळीओळीने वाचतं म्हणून होतं. वरची ओळ वाचून खालच्या ओळीला येईपर्यंत ड्रोन थरथरलेला असतो, मग सरळ विजेचा खांब पण नागमोडी दिसतो.

उपाय क्रमाने करा. आधी प्रॉप नवीन लावा, कडेला जरासा दात पडलेला प्रॉप हे निम्म्या वेळा कारण असतं. मोटरची बेल हाताने हलवून बघा ढिली आहे का. मग कॅमेरा फ्रेमला स्क्रूने आवळू नका, मऊ रबरी बॉलवर किंवा जाड फोमच्या टेपवर बसवा, आणि केबल ताठ ओढलेली नको, नाहीतर थरथर केबलमधून पोचते आणि फोमचा काही उपयोग नाही. शेवटी शटर. भर उन्हात शटर इतका फास्ट होतो की प्रत्येक थरथर कोरल्यासारखी दिसते, कॅमेऱ्यापुढे एनडी फिल्टर लावून शटर मंद केला की थोडी पुसली जाते. एनडी म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल.

एवढं करूनही गिंबलवाल्या (कॅमेरा मोटरवर स्थिर धरणाऱ्या) कंपनीच्या ड्रोनसारखा मलई व्हिडिओ येणार नाही. खरं सांगतो, तुम्हाला फक्त लग्नाचं शूटिंग करायचं असेल तर हे बनवूच नका.

मग बनवायचं कशाला?

कारण कंपनीचा ड्रोन तुम्हाला मधे घुसू देत नाही. इथे कॅमेऱ्यातून फ्रेम आली की ती तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे, तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवता. जमिनीवर छापलेला चौकोनी मार्कर बघून त्यावर उतरायचं, रंग ओळखायचा, दर दोन सेकंदाला फोटो काढून त्यावर जीपीएसचा शिक्का मारायचा. मला सगळ्यात जास्त मजा नकाशात येते, म्हणून त्याचं गणित सांगतोच.

कॅमेरा मॉड्यूल २ ची फोकल लेंग्थ ३.०४ मिलिमीटर आणि एक पिक्सेल १.१२ मायक्रॉनचा. ३० मीटर उंचीवरून सरळ खाली बघितलं तर ३० गुणिले १.१२ भागिले ३.०४, म्हणजे जमिनीवरचा एक पिक्सेल साधारण ११ मिलिमीटरचा. फोटो ३२८० बाय २४६४ पिक्सेलचा, म्हणजे एका फोटोत ३६ बाय २७ मीटर जमीन येते. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, त्या हिशोबाने एका क्लिकमध्ये साडेनऊ गुंठे. मामांना पिक्सेल वगैरे सांगितलं तेव्हा ते जांभया देत होते, साडेनऊ गुंठे म्हटल्यावर उठून बसले.

आता फोटो जोडायचे तर एकमेकांवर भरपूर चढले पाहिजेत, पुढच्या दिशेने ७५ टक्के धरा. म्हणजे दर २७ च्या पाव, जवळपास ७ मीटरला एक फोटो. ४ मीटर प्रति सेकंद वेगाने गेलं तर पावणेदोन सेकंदाला एक. हे पाय आरामात करतो. घरी येऊन वेबओडीएम नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाका, रात्रभर लॅपटॉप तापतो आणि सकाळी अख्ख्या रानाचा एक सलग फोटो तयार. उसात तूट कुठे पडलीय, ठिबकची कुठली लाइन तुंबलीय, पाणी कुठे साचतंय, दिसतं. मोजणीला मात्र हे चालणार नाही, साध्या जीपीएसची चूक दोन-तीन मीटरची असते, बांधावरून भांडण असेल तर हा फोटो घेऊन तलाठ्याकडे जाऊ नका.

लाइव्ह व्हिडिओ मोबाइलवर बघत उडवू का?

बघा, पण त्याच्या भरवशावर उडवू नका. पायने फ्रेम पकडायची, दाबायची, वायफायवरून पाठवायची, मोबाइलने उलगडायची, यात सहज १००-२०० मिलिसेकंद जातात. १० मीटर प्रति सेकंद वेगाने जाणारा ड्रोन तेवढ्यात एक-दोन मीटर पुढे गेलेला असतो, आंब्याचं झाड तुम्हाला दिसेपर्यंत तुम्ही आंब्यात असता. आणि साधं वायफाय रेंज संपताना हळूहळू खराब होत नाही, एकदम गोठतं.

त्याहून मोठी भानगड म्हणजे झिरो २ चं वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि तुमचा ईएलआरएस रेडिओचा रिमोट पण बहुतेक २.४ वरच. म्हणजे ड्रायव्हर घंटा ऐकायला बघतोय आणि कंडक्टर त्याच्या कानाशी ओरडतोय. मी आर्म झालं की पायचं वायफाय बंदच करतो. लाइव्ह पाहिजेच असेल तर यूएसबीवर ५ गिगाहर्ट्झचा अडॅप्टर लावून डब्ल्यूएफबी-एनजी वापरतात, ते जोडणी-बिडणी न ठेवता रेडिओसारखं एकतर्फी फेकत राहतं, त्यामुळे रेंज संपताना आधी ठिपके येतात, एकदम काळोख होत नाही. पण अडॅप्टर करंट खातो, वजन वाढतं. सोपा रस्ता म्हणजे बघायला वेगळा छोटा ५.८ चा अ‍ॅनालॉग कॅमेरा आणि रेकॉर्डिंगला पाय.

जाता जाता, ९१५ मेगाहर्ट्झचे टेलिमेट्री (ड्रोनची माहिती जमिनीवर पाठवणारे) रेडिओ स्वस्तात दिसतील, घेऊ नका, तो बँड अमेरिकेत मोकळा आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६८, २.४ आणि ५.८ मोकळे आहेत.

पाय चालू केला की जीपीएसचे सॅटेलाइट गायब होतात.

कॅमेऱ्याची चपटी केबल आणि पाय दोन्ही रेडिओ कचरा टाकतात, आणि जीपीएसचा सिग्नल मुळातच इतका मंद असतो की त्याला तेवढा पुरतो. जीपीएस पायपासून शक्य तितका लांब, मागच्या बाजूला छोट्या काठीवर उंच करा, केबलवर तांब्याची टेप गुंडाळून ती ग्राउंड करा. माझे ८ चे १५ झाले.

लँडिंग झालं, बॅटरी काढली, व्हिडिओ फाइल उघडतच नाही.

कारण एमपी४ फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, मधेच करंट गेला की पुस्तक आहे पण पान नंबर नाहीत. एमपीईजी-टीएसमध्ये रेकॉर्ड करा, अर्धवट तुटली तरी तुटेपर्यंतचं दिसतं, घरी एफएफएमपेगने एमपी४ करून घ्या, क्वालिटी जात नाही. आणि सिस्टिमचा भाग ओव्हरले करून फक्त-वाचण्यापुरता ठेवा, व्हिडिओसाठी वेगळं पार्टिशन, नाहीतर चार-पाच वेळा बॅटरी उपटल्यावर एक दिवस पाय चालूच होणार नाही. फाइलच्या तारखा चुकीच्या येतात ते झिरोवर घड्याळाची बॅटरी नाही म्हणून, वेळ फ्लाइट कंट्रोलरच्या जीपीएसवरून घ्या.

लायपो बॅटरी घरात ठेवायची भीती वाटते.

वाटायलाच पाहिजे. सेल ४.२ व्होल्टला फुल, ३.५ ला उतरवायचं, म्हणजे ३ एसला साडेदहा व्होल्टवर फेलसेफ लावा. उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवा, फुल चार्ज करून आठवडाभर ठेवली की फुगायला लागते. फुगलेली वापरायची नाही, "थोडीशीच फुगलीय" असं काही नसतं. चार्जिंग फरशीवर, समोर बसून, मी वाळू घातलेल्या मडक्यात ठेवतो. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलात तर गाडी विसरा.

ऊन पायलाही लागतं. जमिनीवर उन्हात चालू करून सेटिंग करत बसलात तर ८० डिग्रीला पोचून तो आपोआप मंद होतो. हवेत गेल्यावर वारा लागतो, मग ठीक असतं.

कायद्याचं काय?

ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. घरी बनवलेला असला म्हणून नियमातून सुटत नाही. नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, थर्ड पार्टी इन्शुरन्सची सक्ती नाही, टाइप सर्टिफिकेट म्हणजे मॉडेलची सरकारी मंजुरी लागत नाही, म्हणून वर २१४ ग्रॅमसाठी एवढी मारामारी केली. मायक्रो धंद्यासाठी नसेल तर त्यालाही पायलट सर्टिफिकेट लागत नाही, पण इन्शुरन्स लागतो.

उडवण्याआधी नोंदणीचा नियम आणि डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा दोन्ही बघा. हिरव्या भागात १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच. ड्रोन डोळ्याला दिसला पाहिजे, गॉगल लावून उडवत असाल तर शेजारी आकाशाकडे बघणारा माणूस उभा करा. पुणेकरांनो, एकीकडे लोहगाव, दुसरीकडे खडकवासल्याला एनडीए, तिसरीकडे देहूरोड, गच्चीवरून उडवायचा विचार सोडा. मुंबईत पोलिस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, ते वेगळे बघावे लागतात. रायगड, शिवनेरीसारखे किल्ले पुरातत्त्व खात्याकडे आहेत, परवानगीशिवाय तिथे नको, अभयारण्यात तर नकोच. आणि कोणाच्या अंगणावर, नदीच्या घाटावर कॅमेरा न्यायचा नाही, यासाठी नियम वाचायची गरज नाही.

घारी मागे लागतात, काय करू?

खाली उतरा. पिल्लांच्या दिवसात तर जास्तच येतात. ती जिंकणारच आणि प्रॉप लागून ती पण जखमी होणार. अर्धा तास थांबा, कंटाळून जाते.

सिग्नल गेला की घरी परत येतो म्हणता, माझा झाडात शिरला.

आर्डूपायलटमध्ये परतीची उंची डिफॉल्ट १५ मीटर असते. कोकणात माड त्याहून उंच असतात. मी ४० ठेवतो. आणि जीपीएस लॉक व्हायच्या आत आर्म करू नका, नाहीतर त्याला घर कुठे ते माहीतच नसतं. आर्मिंगच्या आधीची तपासणी बंद करून उडवणारे लोक मला भेटतात, त्यांचे ड्रोन मला परत भेटत नाहीत.

उसात पडला तर शोधायचा कसा?

आधी शांत बसा. तीन मीटर उंच फडात धावत शिरलात तर पानांनी हात कापून घ्याल, बाकी काही नाही. रिमोटवर टेलिमेट्रीत शेवटची जीपीएस जागा दिसते, तिचा लगेच फोटो काढा, रिमोट बंद करू नका. ती जागा मोबाइलच्या नकाशात टाकून सरीसरीने चालत जा, सरी ओलांडत नाही. ड्रोनवर स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर लावा, मेन बॅटरी निसटली तरी तो ओरडत राहतो, दीडशे-दोनशे रुपयांचं काम आहे. माझ्या पहिल्या ड्रोनला तो नव्हता. मी, मामा आणि दोन गडी दोन तास शोधत होतो, मामा बांधावरून ओरडत होते "विमान ऊस खायला बसलं का रे". ड्रोन शेवटी मिळाला, पायसकट चालू, कॅमेरा रेकॉर्डिंग करतच होता, दोन तासांचा उसाच्या पाल्याचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. एक प्रॉप मात्र तेव्हा मिळाला नाही, तो जानेवारीत तोडणी आली तेव्हा टोळीतल्या एका पोराने आणून दिला.